ग्राइंडरला बफ लावून गाडी चमकवता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. सोलापुरात विजापूर रोडला राहता, सहा वर्षांची गडद निळी मेटॅलिक गाडी आहे. सावलीत ठीक दिसते, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे बारीक गोल ओरखडे उठून दिसतात. महिन्यावर मुलीचा साखरपुडा आलाय. रबिंग-पॉलिशचा आकडा ऐकून तुम्ही ठरवलंत की घरीच करू. मेहुण्याकडे चार इंची ग्राइंडर आहे आणि त्याला बसणारा लोकरीचा बफ बाजारात मिळतो. तर कंपाऊंड (रंग घासायची खरखरीत पेस्ट) कोणतं घ्यायचं, वॅक्सही मशीननेच मारायचं का, आणि हे दरवर्षी करावं का?

ग्राइंडर आजच मेहुण्याला परत करा, मग बाकीचं बोलू. ते लोखंड कापायचं मशीन आहे. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतं आणि बहुतेकांना वेग कमी करायची सोयच नसते. गॅरेजमध्ये आम्ही जे रोटरी पॉलिशर वापरतो ते साधारण ६०० ते ३००० फेऱ्यांत चालतं, आणि त्यातही मी १५०० च्या वर क्वचित जातो. त्या अकरा हजारांवर लोकरीचा बफ चार सेकंद एका जागी टेकला तर रंग तापून मऊ होतो आणि तिथेच उडतो. घाबरवायला सांगत नाही, असे पत्रे दुरुस्तीला आलेले मी पाहिलेत.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही विचारताय कंपाऊंड कोणतं, पण विचारायला हवं की गाडीवर खर्च करण्याजोगा थर किती शिल्लक आहे. पॉलिश म्हणजे चमक आणून लावणं, असं बहुतेक मालकांना वाटतं. तसं नसतं. मशीन काहीच लावत नाही, काढतं. ओरखडा म्हणजे बारीक चर. तो बुजत नाही, त्याच्या आजूबाजूचा भाग चराच्या तळापर्यंत घासून सपाट केला की तो दिसेनासा होतो. आणि घासायला आहे किती? कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी किंवा थोडी जास्त जाडी. त्यातलं वरचं पारदर्शक क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला तेवढंच वाचवतं, आणि त्याचाही वरचा भाग जास्त मोलाचा. हलक्या हाताने एक पॉलिश केलं तर एक-दोन मायक्रॉन जातात. लोकरीचा बफ आणि जाड कंपाऊंड जोरात चालवलं तर त्याच्या कितीतरी पट. एकदा गेलेलं क्लिअर वॅक्सने परत येत नाही, ते पेंट बूथमध्येच येतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. अक्कलकोट रोडच्या बाजूला एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये मी कामाला लागलो तेव्हा विशीत होतो. रोटरी हातात येऊन दोनच महिने झाले होते. एक मरून रंगाची गाडी होती, बॉनेटच्या मधोमध उंच धार असलेली. दुपारची वेळ, भूक लागलेली, मी धारेवरून पॅड आडवा फिरवत होतो. पांढरा पॅड एकदम गुलाबी दिसायला लागला. मला वाटलं, मळ निघतोय, अजून थोडं घासू. उस्ताद मागून आले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. काही बोलले नाहीत. धारेवर अंगठा ठेवला आणि उचलला, तर अंगठ्याखाली बोटभर लांबीची मंद पट्टी होती. तिथलं क्लिअर संपून मरून उघडा पडला होता. मेटॅलिक गाडीत पॅडवर गाडीचा रंग दिसणं म्हणजे वेळ निघून गेलेली असते. अख्खं बॉनेट परत रंगवावं लागलं आणि माझा पगार त्यात गेला. कडांवर आणि धारांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेत येतो. म्हणून आजही गाडी आली की मी आधी मास्किंग टेपचा रोल हातात घेतो.

काही गोष्टी मात्र गाडी न बघता मला सांगता येणार नाहीत. सहा वर्षांत एखादा दरवाजा किंवा फेंडर पुन्हा रंगवलाय का? बाहेर मारलेल्या क्लिअरची जाडी आणि कडकपणा कारखान्यातल्यासारखा नसतो, कधी जाड, कधी अगदीच पातळ. आधी कुठे रबिंग झालंय का? वॉशिंग सेंटरवाले ‘मोफत पॉलिश’ म्हणून काय करतात ते विचारून घ्या. जाडी मोजायचं मीटर असलेला कोणी ओळखीचा असेल तर प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी टेकवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एखाद्या पत्र्यावर आकडा ८० च्या खाली आला तर त्याला मशीन लावू नका. नुसतं वॅक्स लावा आणि जाळं तसंच राहू द्या. आणि ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही. तो घालवायच्या नादात लोक क्लिअर संपवतात. अशा दोन-तीन ओरखड्यांसह जगायला शिका, साखरपुड्यात कोणी दिव्याने गाडी तपासत नाही.

मशीन घ्यायचंच असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या, बाजारात ‘डीए’ म्हणून मागा. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय सगळाच डगमगत गोल जातो. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही, आणि जास्त दाबलंत तर पॅड फिरायचाच थांबतो. नवख्यासाठी हा दोषच मोठा गुण आहे. रोटरी दाबली तर ती थांबत नाही, खात जाते. शिवाय रोटरीने अर्धवट केलेल्या कामावर उन्हात इंद्रधनुषी पट्टे दिसतात, आम्ही त्याला हॉलोग्राम म्हणतो, आणि गडद निळ्यावर तर ते दोन गल्ल्या सोडून दिसतात. विकत घ्यायचं नसेल तर भाड्याने किंवा मित्राकडून आणा, रविवारचंच काम आहे. पाच-साडेपाच इंची फोमचे पॅड मात्र स्वतःचे घ्या. पॉलिशसाठी मध्यम किमान तीन, वॅक्ससाठी अगदी मऊ एक. एकाच पॅडने अख्खी गाडी करायला गेलात तर अर्ध्यातच तो कंपाऊंड आणि निघालेल्या क्लिअरने चिकट होतो, मग कापत नाही, नुसता तापतो.

मशीन लावण्याआधीची धुलाई हे निम्मं काम आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच घाईत होते. सोलापूरची हवा तुम्हाला सांगायला नको. काळ्या मातीची धूळ, उन्हाळ्यात वारा, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी लावली तर संध्याकाळी ती कोणत्या रंगाची होती ते आठवावं लागतं. ही धूळ पत्र्यावर असताना पॅड फिरवला तर तो सॅंडपेपर होतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पाइप लावून धुवा असं मी म्हणणार नाही. दोन बादल्या पुरतात, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात खंगाळायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली या, सगळ्यात खालचा चिखलाचा भाग शेवटी आणि वेगळ्या फडक्याने.

बोअरचं पाणी असेल तर उन्हात गाडी धुऊन वाळू देऊ नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, थेंब वाळला की पांढरी गोल कडा राहते. ताजी असेल तर पातळ केलेल्या व्हिनेगरने निघते, पण पाणी मारून लगेच धुऊन टाका. महिनोन् महिने उन्हात भाजलेली असेल तर ती क्लिअरमध्ये उतरलेली असते. पॉलिशने कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. अजून एक डाग मी फक्त आपल्याकडच्या गाड्यांवर बघतो: नव्या गाडीच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक, जे आठवडाभर ‘राहू दे, शुभ असतं’ म्हणून पुसलेलं नसतं. त्याच्या खाली बॉनेटवर फिकट छाप कायमची बसते. तुळजापूर-अक्कलकोटला जाऊन आलात की पूजा मनोभावे करा, पण घरी आल्यावर ओल्या फडक्याने टिपून घ्या. आणि हाराची तार पत्र्याला लागू देऊ नका.

धुतल्यावर प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून बॉनेटवर फिरवा. खरखर लागली तर क्ले बार हवा, म्हणजे पत्र्यात रुतलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. शाम्पूच्या पाण्याचा फवारा मारत राहा आणि क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा, दाबायचं नाही. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, धुऊन वापरू नका. तो मळून आत गेलेला एक खडा अख्ख्या दरवाजावर रेघ काढतो.

मग टेप. काळं प्लॅस्टिक, रबर, दिव्यांच्या कडा, बॉनेटची धार, दरवाजांच्या कडा. काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरं राहतं आणि दात घासायच्या ब्रशनेही नीट निघत नाही. टेप लावायला अर्धा तास जातो, काढायला दोन मिनिटं.

आता ते चाचणीचं ठिकाण, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. बॉनेटचा एक सपाट कोपरा घ्या, दीड फूट बाय दीड फूट, टेपने चौकट आखा. सगळ्यात हलकं पॉलिश आणि मध्यम पॅड यांनी सुरू करा, कंपाऊंडने नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवून थेंब आधी पसरवून घ्या, नाहीतर पहिल्याच झटक्यात सगळं पॉलिश भिंतीवर आणि तुमच्या बनियनवर. वायर खांद्यावरून मागे टाका. वेगाची डायल एकवर ठेवून दोन फेऱ्यांत पसरवा, मग चार किंवा पाचवर न्या. हात अगदी सावकाश चालवा, सेकंदाला साधारण एक इंच. एवढा सावकाश की शेजारी बघत असेल तर त्याला कंटाळा यावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यायला हवा. आधी आडवे, मग उभे, मिळून चार-पाच वेळा. दाब फक्त मशीनच्या वजनापेक्षा थोडा जास्त. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा, ती फिरताना दिसत राहिली की दाब बरोबर, थिजली की जास्त झाला. कानही ठेवा, मशीनचा आवाज जड झाला की हात हलका करायचा. पॉलिश आधी पांढरं, मग धूसर आणि शेवटी तेलासारखं पारदर्शक होतं. तिथे थांबायचं. वाळून भुकटी होईपर्यंत घासत राहिलात तर नवे ओरखडे पडतात.

पुसून घेतल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल चरांत बसून त्यांना झाकतं, दोन धुलाईत ते जातं आणि जाळं परत येतं. ‘पैसे देऊन पंधरा दिवसांत परत तसंच’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी करून त्याने ती चौकट पुसा, मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. जाळं ऐंशी टक्के गेलं? मग हेच पॉलिश, हाच पॅड, हाच वेग अख्ख्या गाडीला. फारच थोडं गेलं असेल तरच एक पायरी वर जा, म्हणजे कंपाऊंड, आणि त्यानंतर पुन्हा हलकं पॉलिश. शंभर टक्के जाळं काढायचा हट्ट मी स्वतःच्या गाडीवर धरत नाही. ऐंशीला थांबलं की चार-पाच वर्षांनी पुन्हा एकदा करण्यापुरतं क्लिअर उरतं.

पुढे सगळ्या गाडीला त्याच पद्धतीने, दर चौकटीनंतर पॅड ब्रशने झाडून. मधूनमधून हात पालथा करून पत्र्याला लावा. कोमट ठीक, चटका बसला तर पाच मिनिटं दुसरीकडे जा. बंपर प्लॅस्टिकचे असतात, त्यांच्यात उष्णता पसरत नाही, तिथल्या तिथे साठते, म्हणून तिथे वेग एक आकड्याने कमी. आरशांभोवती आणि हँडलच्या खोबणीत मशीन घुसवू नका, तिथे बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून हाताने करा.

वॅक्सचं काम उलटं आहे. पॉलिश काढतं, वॅक्स बसवतं. त्यात ओरखडे काढायची ताकद नसते आणि नसावी. मशीनने लावता येतं, पण मऊ पॅड, डायल एक किंवा दोन, आणि दाब शून्य. खरं सांगायचं तर मी हाताच्या स्पंजनेच लावतो, वीस मिनिटांत गाडी होते आणि थर पातळ राहतो. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना घाम तेवढा वाढतो. लावून धुरकट झाल्यावर बोटाने एक रेघ ओढा. स्वच्छ उमटली तर पुसायची वेळ झाली, फराटे ओढले गेले तर थांबा. पुसायचं हातानेच, दोन कापडं, पहिलं काढायला, दुसरं उजळायला. एखादा पत्रा नुकताच रंगवलेला असेल तर एक ते तीन महिने त्याच्यावर वॅक्स नको, आतले द्रावक उडून जायला हवेत. नेमका काळ रंगवणाऱ्याला विचारा.

वॅक्स कोणतं, कार्नुबा की सिंथेटिक सीलंट (कारखान्यात बनवलेलं, वॅक्ससारखंच लावायचं), हेही ठरवावं लागेल. कार्नुबा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण आहे. गडद रंगावर त्याची खोली सुंदर दिसते, साखरपुड्याच्या फोटोसाठी तेच लावा. पण एप्रिल-मेमध्ये गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहत असेल तर माझ्या अनुभवात ते दीड-दोन महिन्यांत दमतं. तेव्हा सीलंट लावा, ते तीन-चार महिने निघतं. पाणी मारल्यावर थेंब गोल न राहता पत्र्यावर पसरायला लागले की पुन्हा लावायची वेळ.

दरवर्षी करायचं का? वॅक्स वर्षातून चार वेळा करा. मशीनने पॉलिश मात्र दरवर्षी मुळीच नको, चार-पाच वर्षांतून एकदा पुरे. कारण जाळं तुमच्या बॉनेटवर रस्त्यावर पडलेलं नाही, घरी पडलंय. रोज सकाळी गाडी कोरडी पुसता ना? आणि कशाने? आपल्या गावात उत्तर ठरलेलं असतं, जुना टॉवेल नाहीतर चादरीचा तुकडा. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, अभिमानाची गोष्ट आहे, माझ्या घरचे चुलते मागावर होते. पण अंग पुसायच्या सुती टॉवेलने धुळीची गाडी कोरडी पुसणं म्हणजे रोज थोडं थोडं घासणं, आणि गोल गोल पुसलं की ते जाळंच. हे थांबलं नाही तर मी पॉलिश करून दिलेली गाडीसुद्धा सहा महिन्यांत जशीच्या तशी होते. धूळ असेल तर एक तर तशीच राहू द्या, नाहीतर आधी पाणी. जाड मायक्रोफायबर घ्या, सरळ रेषेत फिरवा, घडी बदलत राहा. धुताना ते टॉवेलांबरोबर टाकू नका, सुती धागे त्यात अडकतात.

वेळेचं गणित असं बसवा. शनिवारी संध्याकाळी धुलाई आणि क्ले. रात्री टेप लावून ठेवा. रविवारी पहाटे साडेपाचला सावलीत सुरुवात करा आणि चाचणीची चौकट आधी. नऊ-साडेनऊला पत्रा तापायला लागेल, तिथे मशीन ठेवून द्या. एका सकाळी बॉनेट, छत आणि डिकी झाली तरी नवख्याला भरपूर झालं. दरवाजे पुढच्या रविवारी, तुमच्याकडे महिना आहे. वॅक्स साखरपुड्याच्या दोन-तीन दिवस आधी. चाचणीच्या चौकटीत पॅडवर निळा रंग दिसला तर मात्र तिथेच थांबा. पॅडचा आणि त्या जागेचा फोटो काढून मला दाखवा, तोवर बाकीच्या गाडीला मशीन लावू नका.